फ्यूज कुठे गेला, साहेब?

निळी जीप विकणाऱ्या गृहस्थांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तो मी तुमच्या मुलाला लिहितो. तुमच्यासाठी सध्या एकच प्रश्न आहे : बॅटरीपासून निघणाऱ्या लाल तारेवरचा फ्यूज कुठे गेला?

तुम्ही मला ओळखत नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्यात तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जोडपे आले होते. तुमच्या मुलाची बॅटरीवर चालणारी निळी जीप त्यांनी साडेतीन हजार रुपये मोजून घेतली. त्यातल्या तरुणाचा मी बाप. जीप घेतली ती माझ्या चार वर्षांच्या नातीसाठी. दिवाळीला ती साताऱ्याला माझ्याकडे येणार होती, म्हणून मुलाने जीप डिकीत आडवी घालून थेट माझ्या अंगणात आणली.

मी १९८१ साली साताऱ्यात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हेल्पर म्हणून लागलो. पुढे पोवई नाक्याजवळ स्वतःचे दुकान काढले आणि डायनॅमो, स्टार्टर, हॉर्न, वायरिंग यांत चौतीस वर्षे काढली. त्यामुळे तुम्ही त्या जीपचे काय केलेत आणि कुठल्या क्रमाने केलेत, हे मला तुमच्या शेजारी उभे राहून पाहिल्यासारखे सांगता येते.

आधी आमच्या अंगणात काय झाले ते ऐका. अंगणात फरशी नाही, मुरूम आहे, आणि ते फाटकाकडे थोडे उतरते. नात पहिल्यांदा बसली, पेडल दाबले, गाडी हलली आणि ती इतकी हसली की सूनबाई स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. काही मिनिटे झाली असतील. फाटकापासून वर येताना गाडी कण्हल्यासारखी झाली, थांबली, पुन्हा हिसका देऊन निघाली आणि मला वास आला. पीव्हीसी तापल्याचा वास मी झोपेतही ओळखतो. मी धावलो आणि नातीला दोन्ही काखांत हात घालून उचलले. ती रडायला लागली, कारण तिला वाटले की आबा रागावले. सीट उचलली तेव्हा खालच्या कनेक्टरचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने ओघळले होते. तार बोट लावता येणार नाही इतकी तापली होती. आणि ही तार नातीच्या मांडीखाली चार बोटांवर होती.

त्या संध्याकाळी मी जीप उलटी केली आणि सगळे स्क्रू काढले.

डाव्या मागच्या चाकाच्या आत, धुऱ्यावर, मांजा गुंडाळलेला होता. नायलॉनचा, घट्ट, जवळजवळ बोटाएवढ्या जाडीचा. संक्रांतीला तुमच्या पार्किंगमध्ये पडलेला असणार. चाक जड झाले, तरी मोटार ओढत राहिली आणि गिअरबॉक्समधल्या नायलॉनच्या चाकाचे दोन दात तुटले. तुटलेला एक तुकडा आतच फिरत राहिला. कधी तो कोपऱ्यात पडून राही, कधी दोन दातांमध्ये अडकून मोटार जागच्या जागी रोखून धरी.

अडकलेली मोटार काय करते हे समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. सपाट जमिनीवर मोकळी फिरणारी मोटार जेवढा करंट घेते, त्याच्या कित्येक पट करंट ती अडकली की ओढते. फिरता येत नाही म्हणून ती सगळी शक्ती उष्णतेत जाते : मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, तारेत, कनेक्टरमध्ये. हे घडू नये म्हणून कारखान्यात बॅटरीच्या लाल तारेवर एक छोटा कट-आऊट बसवतात. करंट मर्यादेबाहेर गेला की तो तापून उघडतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. म्हणून तुमची गाडी थोडी चालायची, बंद पडायची, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालायची. बरोबर ना? मुलगा रडत वर यायचा, तुम्ही खाली जायचात तोवर गाडी चालू झालेली असायची. तुम्ही वैतागलात. तुमच्या जागी कोणीही वैतागला असता.

मग तुम्ही तो कट-आऊट कापून काढला आणि त्या जागी तारेचा तुकडा पिळून लावलात. आमच्या धंद्यात याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. ती तारही कसली घेतलीत? दारावरच्या बेलची. केसाएवढ्या मोजक्या तंतूंची. डाख नाही, थिंबल नाही, नुसता पीळ आणि वर काळी टेप. टेप मात्र चांगली सात-आठ वेढे गुंडाळलीत, जणू टेपच्या जाडीने तारेची जाडी वाढते.

लोक समजतात की १२ व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणजे धोका नाही. शॉक बसत नाही हे खरे आहे. पण सात अँपिअर-अवरची ही शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर शंभरावर अँपिअर करंट देऊ शकते. त्या करंटने बेलची तार लाल व्हायला वेळ लागत नाही, आणि तिच्या भोवती सगळे काय आहे? पॉलिप्रॉपिलीनची बॉडी, फोमची सीट आणि सीटवर पट्ट्याने बांधलेले मूल.

मी हे फक्त पुस्तकातून सांगत नाही. दुकानात कितीतरी ड्रायव्हर यायचे, ज्यांनी उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असायची. ‘तेवढं घरापर्यंत जाऊ दे’ म्हणून. त्यांतल्या एका टेम्पोचे डॅशबोर्डामागचे अख्खे वायरिंग जळून एका काळ्या दोरखंडासारखे झालेले मी स्वतः उतरवले आहे. तो ड्रायव्हर उडी मारून बाहेर पडू शकला. चार वर्षांच्या पोराला पट्टासुद्धा पटकन सोडवता येत नाही.

आणि जगातही हे घडून गेले आहे. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘पॉवर व्हील्स’च्या अशाच बॅटरीवरच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यांची संख्या एक कोटीपर्यंत होती. विजेचे भाग तापल्याच्या, वितळल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या आणि सुमारे १५० ठिकाणी आग लागली होती. तिथे दोष कंपनीच्या मालात होता आणि तो निस्तरायला सरकारी यंत्रणा मागे लागली. तुमच्या जीपमधला दोष कुठल्याही कारखान्याने घातलेला नाही, तो तुमच्या घरात तयार झाला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवरच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे आणि फिरता भाग अडकला तर खेळणे धोकादायक तापत नाही ना, हे त्यात तपासतात. तुम्ही कट-आऊट कापलात त्या क्षणी जीपच्या पोटावरचे ते चिन्ह खोटे पडले.

इथवर मी तुम्हाला अज्ञानाचा फायदा द्यायला तयार होतो. घरातला माणूस पोराचे खेळणे दुरुस्त करायला बसतो, त्याला फ्यूजचे कारण ठाऊक नसते, तो जोडतो आणि गाडी चालते. त्याला मी समजावून सांगितले असते, चहाही पाजला असता. पण पुढचे दोन प्रकार अज्ञानातून होत नाहीत.

पहिला प्रकार गिअरबॉक्सचा. तुटक्या दातांचा कडकड आवाज येतो. तो येऊ नये म्हणून त्यात ग्रीस ठासून भरलेले होते. ते नवे, स्वच्छ, पिवळे ग्रीस होते, धुळीचा कण न लागलेले. म्हणजे विकण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत भरलेले. तुम्ही गिअरबॉक्स उघडलात, तुटके दात पाहिलेत, तुकडा आत तसाच ठेवलात आणि वरून ग्रीस भरलेत. ज्याला ग्रीस भरता येते त्याला तुकडा उचलून टाकता येतो.

दुसरा प्रकार बॅटरीचा. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती मरते. तुमची बॅटरी मेलेलीच होती. पण मेलेली बॅटरीसुद्धा रात्रभर चार्जरला लावली की सकाळी मीटरवर साडेबारा व्होल्ट दाखवते आणि गुळगुळीत फरशीवर पाच-सात मिनिटे गाडी ओढते. माझ्या मुलाने तुमच्या पार्किंगमध्ये गाडी चालवून पाहिली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बघा, पळतेय की नाही!’ माझ्याकडे भार लावून मोजली तर काही सेकंदांत व्होल्टेज नऊच्या खाली आले.

मुलाने तुम्हाला फोन केला होता. तुमचे उत्तर त्याने मला शब्दशः सांगितले : ‘सेकंडहँड वस्तू बघून घ्यायची असते. तुमच्यासमोर चालवून दाखवली की नाही?’

याचे उत्तर नीट देतो. जुनी वस्तू घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. माझा निम्मा धंदा जुन्या मालावर झाला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी कित्येक बुधवार-रविवार घालवले आहेत. जुन्या वस्तूत खोट असणारच. तुमच्या जीपचा एक आरसा नव्हता, हॉर्न मुका होता, बॉनेटचा निळा रंग उन्हाने उडाला होता आणि पट्ट्याचे बक्कल तुटल्यामुळे तिथे गाठ मारलेली होती. यातल्या एकाबद्दलही मी तक्रार करणार नाही. ते सगळे डोळ्यांना दिसत होते, त्याचा भाव कमी झाला, व्यवहार सरळ झाला. बॅटरी मेलेली आहे हे सांगितले असते तर हजार रुपये कमी करून मुलाने गाडी घेतलीच असती. पण सीटखालची तार त्याने बघून घ्यायची म्हणजे काय? पार्किंगमध्ये स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे? बघता येऊ नये म्हणून तर तुम्ही ती टेपखाली घातलीत आणि आवाज येऊ नये म्हणून ग्रीस भरलेत. लपवलेल्या गोष्टीला ‘बघून घ्यायची’ म्हणू नका. सेकंडहँड हा शब्द वस्तूच्या वयाबद्दल आहे, त्यात विकणाऱ्याला फसवणुकीची सूट मिळत नाही.

ब्रेकचेही सांगायचे राहिले. अशा बहुतेक गाड्यांना वेगळा ब्रेक नसतो. पेडलवरचा पाय काढला की मोटार आणि गिअरबॉक्सच चाकांना धरून ठेवतात. एका बाजूचे दात सटकत असतील तर उतारावर ते चाक मोकळे सुटते. आमचे फाटक त्या दिवशी बंद होते. फाटकाबाहेर रस्ता आहे.

तुमचा राग मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. तिसऱ्या दिवशी ती टेप सोडवायला बसलो, तार काढून फेकायची म्हणून. टेप जुनी होती. तिचा गोंद कडेने बाहेर येऊन काळा पडला होता आणि त्यात धूळ, निळ्या लोकरीचे धागे आणि बिस्किटाचा चुरा रुतून बसला होता. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. ग्रीस नवे होते, पण टेप विकण्यासाठी लावलेली नव्हती. ती निदान सहा-आठ महिन्यांची होती.

म्हणजे आमच्या नातीच्या आधी त्या तारेवर तुमचा मुलगा बसत होता. स्वेटर घालून, हातात बिस्किट घेऊन, सहा-आठ महिने. तो तुकडा त्या काळात दातांमध्ये जास्त वेळ अडकून राहिला नाही, एवढ्यावर तो वाचला.

तेव्हापासून मला तुमचा नुसता राग येत नाही. रागाबरोबर धसका बसला आहे, आणि तुम्हाला तो बसलेला नाही याचे मला नवल वाटते.

जीप मी टाकून दिली नाही. मुलगा म्हणाला, ‘आबा, भंगारात घालू, नवी घेऊ.’ पण नात रोज सकाळी उठून तिच्याजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, ‘हिचा ताप उतरला का?’ म्हणून मी कामाला लागलो. स्क्रू ठेवायला स्टीलची ताटली घेतली आणि ती सांभाळायचे काम नातीला दिले. एकही स्क्रू हरवला नाही.

जुना गिअरबॉक्स पिशवीत घालून मुलाला पुण्याच्या तपकीर गल्लीत पाठवले. हे नमुना हातात घेऊनच आणावे लागते. मोटारीच्या पिनियनचे दात मोजायचे, चाकात बसणाऱ्या भागाचा आकार जुळवायचा, मोटारीचा वेग तोच आहे ना पाहायचे. डावा एकटा बिघडला होता, तरी मी दोन्ही बदलले, कारण एक मोटार नवी आणि एक झिजलेली असली की गाडी एका बाजूला ओढते. बॅटरी नवी घेतली आणि जुनी दुकानदाराला परत दिली. त्यात शिसे आणि आम्ल असते, ती कचऱ्यात टाकायची नसते. वायरिंग सगळे उपटून दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने नवे केले, प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवली. बॉनेटला चीर होती आणि तुम्ही तिच्यावर फेव्हिक्विक ओतून स्प्रे मारला होता. त्या प्लास्टिकला ना तो गोंद धरतो ना रंग, दोन्ही नखाने निघाले. पूर्वी दारोदार प्लास्टिकच्या बादल्या सांधणारे यायचे तसे मी तापल्या डाखणीने चीर सांधली. आतून तारेची जाळी वितळवून बसवली. दिसायला ती जखमेच्या व्रणासारखी दिसते. दिसू दे.

फ्यूजबद्दल मात्र सविस्तर सांगतो. सपाट जमिनीवर दोन्ही मोटारी मिळून मीटरवर नऊ अँपिअरच्या आसपास घेत होत्या. मी बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून अर्ध्या वितीवर होल्डर लावून १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घातला. आपोआप पुन्हा जुळणारा कट-आऊट मुद्दामच घातला नाही. ब्लेड फ्यूज उडाला की उडालेलाच राहतो, आणि कोणा मोठ्या माणसाला सीट उचलून कारण शोधावेच लागते. मग सीटवर तांदळाची वीस किलोची पिशवी बांधली, मागच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावून ती अडवली आणि पेडल दाबले. फ्यूज उडाला. तार गार होती. दुसरा फ्यूज घातला, पुन्हा अडवले, पुन्हा उडाला. तेव्हा कुठे नातीला बसू दिले. १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज निळ्या रंगाचा असतो. नातीला वाटते की गाडी निळी म्हणून आबांनी निळा आणला.

या सगळ्याला अडीच हजार रुपये लागले. ते मी तुमच्याकडे मागत नाही.

मागतो ते वेगळे आहे. पैसे घेताना तुम्ही माझ्या मुलाला सांगितले होते की तुमच्या मुलाला आता मोठी, २४ व्होल्टची गाडी घेतली, म्हणून ही काढताय. ती गाडीही कधीतरी थांबेल. तिच्याही चाकात मांजा, केस, दोरा अडकेल, कट-आऊट उघडेल आणि मुलगा रडत वर येईल. कदाचित हे आधीच घडून गेले असेल आणि तुमच्याकडची काळी टेप अजून संपलेली नसेल.

आज रात्री मुलगा झोपला की खाली जा. त्या गाडीची सीट उचला आणि बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून निघणारी तार बोटाने शेवटपर्यंत चाचपा. वाटेत फ्यूज किंवा कट-आऊट लागला नाही, टेपचा गोळा लागला, तर तिथल्या तिथे बॅटरीची तार सोडवून टाका आणि गाडी कोणालाही देऊ नका. माझ्या मुलाचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. त्याला कळवा. होल्डर, थिंबल आणि फ्यूज घेऊन मी साताऱ्याहून पहिल्या एसटीने येतो.